दर आठवड्याची सुई

निजामाचं राज्य गेलं, तरी उमरग्याच्या दवाखान्यातला हा कंपाउंडर हललेला नाही. तेलकट औषधाची बाटली काखेत धरून गरम करतो आणि तोवर डोळे मिटून सुपारी चघळतो, जणू सगळं वैद्यक त्या काखेतच आहे.

गालगुंडांचं दुखणं वृषणांत उतरलं, तेव्हापासून माझ्या थोरल्या भावाची, अप्पांची, दाढी विरळ झाली, ताकद गेली. सोलापूरच्या डॉक्टरांनी पुरुषी हार्मोनची सुई दर तीन आठवड्यांनी लिहून दिली. हा दर आठवड्याला टोचू लागला.

"मास्तर, गडी थोराड हाय. अंगपिंड बघून द्यावं लागतं."

अप्पांची पाठ फोडांनी भरली, पाय सुजले. कधी आवाज न चढवणारा माणूस जेवणाचं ताट भिरकावू लागला.

मी सोलापूरहून चिठ्ठी आणली: सुई ताबडतोब बंद करा. त्यानं ती वाचली, "व्हय, व्हय" म्हणाला, त्या चिठ्ठीनंच बोटांवरचं तेल पुसलं आणि वळला. "अप्पा, पालथे व्हा."

मी त्याचं मनगट धरलं. अप्पाच माझ्यावर धावून आले.

"सोड त्यास्नी! लई हलका हात हाय. टोचल्यालं कळत बी न्हाय!"