जेवणानंतरची डबी

मी सिगारेट चारदा सोडली आहे, म्हणून हा माणूस मला सारखा आठवतो. पूर्णा जंक्शनजवळ माझ्या खोलीसमोर राहणारे, रेल्वेरुळांवर काम केलेले रिटायर गँगमन. नाव कधी विचारलं नाही. सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणायचो.

दुपारचं जेवण झालं की मामा ओट्यावर बसून तंबाखूची पितळी डबी घासायचे. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, शेवटी जुन्या धोतराची चिंधी. डबीत तोंड दिसायला लागलं की उन्हात धरून एक डोळा मिटून बघायचे.

एकदा त्यांनी ती चकचकीत डबी माझ्यादेखत पुन्हा खरखरीत कागदावर धरली आणि सगळी झिलई घालवली.

"मामा, मेहनत वाया गेली की सगळी."

"तंबाखू सोडून सा वर्सं झाली," ते घासता घासता म्हणाले. "पन जेवल्यावर तलफ येतीच. तवर हाताला काम पायजे. उद्या काय घासू मग?"

मी डबी मागून घेतली आणि सहज उघडली. आत काठोकाठ ताजी तंबाखू होती.

माझं तोंड बघून मामा हसले. "रिकामी डबी तर कुनीबी घासंल."