हैबतीने लावलेला कौल

हैबती कुडपणकराला 'नाही' म्हणता येत नसे. लोक याला भलेपणा म्हणत. म्हणोत बापडे! ते दुखणं होतं, आणि त्यावर औषध नव्हतं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणच्या माळावर वाढलेला हा माणूस. ज्याचं मीठ खातो त्याच्या तोंडावर नाय म्हणू नये, ही बापाची शिकवण. मुंबईला मोटारींच्या कारखान्यात आठ वर्षं हात काळे करून तो परतला आणि महाडच्या बंदरात मालोजी शेटच्या लाँचवर इंजिन सांभाळू लागला. ओहोटीबरोबर बाणकोटला जायचं, भरतीबरोबर वर यायचं. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं ओळखी. पण शेट समोर आले की जीभ टाळ्याला चिकटायची.

अठ्ठावन्न साली, पावसाळा सरल्यावर, इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर गेला. प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा तो डबा, खाऱ्या हवेनं आतून पार सडला होता. शेटनी मुंबईहून दोन आणले आणि पेढीवर मांडले. एक खास बोटीसाठी घडवलेला, दिसायला ठोंब्या, हवेच्या भोकांना पितळेची बारीक जाळी. दुसरा कुठल्याशा पळत्या मोटारीचा. नुसता चकचकीत! इंजिन जोरात फिरू लागलं की तो ठिणगी आपणहून आधी पाडायचा, त्यामुळे लाँच वाऱ्यासारखी पळाली असती. तेच तर हवं होतं. गेल्या हंगामात लाँच दोनदा गाळात रुतली होती, आणि चिखल तुडवत घरी गेलेली माणसं पुढच्या खेपेला एस.टी.त बसली होती.

"सांग रे हैबती, कुठला बसवायचा?" शेटनी विचारलं. हात चकचकीत डब्यावर होता.

हैबतीला उत्तर पक्कं ठाऊक होतं. लाँचच्या पोटात पेट्रोलची वाफ साठते. मोटारीत ती वाऱ्यानं उडून जाते, लाँचमध्ये तळाशी बसून राहते. डब्यातली ठिणगी उघड्या भोकातून बाहेर आली की संपलं, वर चाळीस माणसं बसलेली. जाळी होती ती त्यासाठी. एवढं बोलायचं होतं त्याला, दुसरं काही नाही. पण त्याची नजर शेटच्या हातावर खिळली, आणि तोंडातून निघालं भलतंच.

"देवीला कौल लावूया का, शेट?"

लग्नाला, पेरणीला, आजारपणाला कौल लावणारा हा मुलूख. शेट खूश झाले. आणि हैबती मनात हिशेब मांडत होता, की देवी काय माणसं जाळायला सांगेल? ती जाळीवालाच देईल. म्हणजे 'नाही' तिनं म्हणायचं आणि हा मोकळा. वा रे शहाण्या!

कुशाबा गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना भिजलेले तांदूळ चिकटवले. उजवा पडला तर मोटारीचा, डावा पडला तर बोटीचा. गाऱ्हाणं घातलं. पुरता श्वास घेऊन होतो न होतो तोच दाणा पडला. उजवा.

"झाला कौल," कुशाबा म्हणाला. "आता ह्या गोष्टीला पुन्हा इचारायचं नाय."

हैबतीनं तो डबा स्वतःच्या हातानं बसवला. लाँच पळू लागली, माणसं परतली, शेट जो भेटेल त्याला देवीचं सांगू लागले. हैबती मात्र त्या इंजिनाच्या खळग्यात जो उतरला तो उतरलाच. दर खेपेला आधी फळ्या उघडून सुपानं वाफ बाहेर घालवायची, तळ फडक्यानं कोरडा करायचा, ओलं गोणपाट हाताशी ठेवायचं, बिडी पेटवणाऱ्यावर वसकायचं. भाऊ मुंबईला चांगल्या कामावर बोलवत होता. कसा जाणार? दुसरा कोणी आला तर एवढं करील का? शिमगा गेला, गौरी-गणपती गेले, कुडपणची वाट त्यानं धरली नाही. तीन वर्षं.

शेवटी त्याची बायको साळूबाई डोंगर उतरून बंदरावर आली. सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसली.

"देवीला भात ठावा, पाऊस ठावा," ती म्हणाली. "इंजिन तुमांस ठावं. मग कुनी कुनाला इचारायचं हुतं?"

राग आला होता त्याला, पण कुणाचा, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात दासगावच्या अलीकडे खळग्यात भप्पकन जाळ उठला. हैबतीनं गोणपाटासकट अंग टाकून तो विझवला. वर कुणाला पत्ता लागला नाही. पण कोपरापर्यंत हात सोलपटला, भुवया गेल्या, आणि संध्याकाळी शेटनी ते पाहिलं. मग मात्र बांध फुटला. जाळी, वाफ, ठिणगी, सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं.

शेटचा चेहरा पांढराफटक पडला. "आरं, मग तवाच का नाय बोललास?"

"तुमचा हात त्या डब्यावर हुता, शेट."

"हात कुठंतरी ठेवायलाच लागतो ना रे! मला त्यातलं काय कळतंय? म्हणून तर तुला इचारलं. तू नको म्हनला आसतास तर तवाच खाडीत फेकला आसता."

हैबतीनं मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घ्यावासा वाटला. "मग बदलू, शेट? जाळीवाला तसाच पडलाय पेढीत."

शेटनी देवळाच्या दिशेनं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कौल झालाय, हैबती. आता देवीला नाय कोन म्हननार? तू म्हनशील?"

बाहेर ओहोटी लागली होती. बाणकोटची माणसं पोरंबाळं, गाठोडी घेऊन लाँचमध्ये चढत होती, आणि कुणीतरी इंजिनवाल्याला हाक मारत होतं.