सुंदराबाईंच्या चमकीचा खडा

सुलक्षणा परब स्वस्थ बसलेली बोरिवलीच्या काजूपाड्यात कुणी पाहिली असेल, तर त्याने पुढे यावं. चहा पिताना ती उभी, भांडताना तर उभीच, आणि कुणाच्या बारशाला गेली तरी बाळाचं नाव ठेवून होण्याआधी हिचा एक पाय चपलेत. चोपन्न वर्षांची बाई, पण पायाला भिंगरी. अशा बाईने चौदा वर्षं मालाडच्या एका हिऱ्यांच्या ऑफिसात खुर्चीवर बसून काढली, हे तिच्या सख्ख्या भावालाही खरं वाटत नसे. तिथे ती हिरे निवडायची. समोर पांढरा कागद, हातात चिमटा, डोळ्याला भिंग, आणि खड्यांचे वेगवेगळे ढीग: हा पांढरा, हा पिवळट, हा डागी. सगळं अंग स्थिर, फक्त टेबलाखाली डावा पाय हलत असायचा. तो थांबला की शेजारच्या मुली समजायच्या, बाईंचं काहीतरी अडलंय.

अडायचं क्वचितच. नव्या मुलींसाठी ऑफिसात नमुन्याच्या खड्यांची एक डबी होती. त्यात शुभ्र पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत खडे क्रमाने लावलेले. शंका आली की हातातला खडा त्यांच्या शेजारी ठेवायचा आणि रंग ताडून बघायचा. पहिलं वर्ष सरल्यावर सुलक्षणाने त्या डबीला हात लावला नव्हता. “वजन काटा सांगतो, डाग भिंग सांगतं, रंग मात्र डोळाच सांगतो,” असं ती मुलींना ऐकवायची, आणि ज्याला डोळा नाही त्याने डबी घ्यावी असंही वर जोडायची. गर्व होता आणि तो तिने कधी लपवला नाही. काजूपाड्यात कुणाला लेकीच्या अंगठीसाठी एखादा बारीक हिरा घ्यायचा असला, तरी आधी तो सुलक्षणाला दाखवल्याशिवाय सराफाला होकार जात नसे.

समोरच्या खोलीतल्या सुंदराबाई गायकवाड त्या सालच्या मे महिन्यात, म्हणजे शहाऐंशीत, म्युनिसिपालिटीच्या इस्पितळातून निवृत्त झाल्या. साताऱ्याकडच्या. डोळ्यांच्या वॉर्डात तीस वर्षं आयाचं काम केलेलं. फंडाचा पैसा हातात आला तसे सगळे सल्ले द्यायला धावले. सून म्हणाली बँकेत ठेवा, भाऊ म्हणाला गावाकडे दोन गुंठे घ्या. सुंदराबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बाकीचा पैसा तुम्ही म्हणाल तिथे ठेवते, पण मला नाकात हिऱ्याची चमकी हवी. “तीस वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले,” त्या म्हणाल्या, “आता माझ्या नाकात एक थेंब चमकू दे.”

मालाडच्या एका म्हाताऱ्या सराफाने वीस सेंटांचा, म्हणजे कॅरेटच्या पाचव्या हिश्श्याचा, एक सुटा खडा काढून दिला. किंमत चौतीसशे, पांढरा आणि निर्मळ म्हणून. सुलक्षणा जामीन राहिली म्हणून त्याने तो जांगड दिला, म्हणजे पसंत पडला तर सोमवारी पैसे, नाहीतर खडा परत. सराफ फार गोड बोलत होता, आणि गोड बोलणाऱ्याकडून सुलक्षणाने आजवर कोथिंबिरीची जुडीसुद्धा विश्वासाने घेतली नव्हती.

शुक्रवारी सकाळी कामावर निघण्याआधी तिने पुडी उघडली. तिची खिडकी उत्तरेची. रंग बघायला उत्तरेचाच उजेड लागतो. थेट उन्हात बघू नये, ऊन पिवळ्यालाही सावरून घेतं. तिने पांढऱ्या कागदाची घडी घालून त्या खाचेत खडा उलटा ठेवला. खड्यावर फुंकर घातली, वाफ धरली न धरली तोच उडाली, हिरा खरा. भिंगातून पाहिलं, पोटात डाग नाही, पैलू बरोबर, कडेला चीर नाही. मग रंग पाहिला. खडा पिवळा होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा खडा दोन हजारांच्या वर एक पैशाचा नाही, आणि हा थेरडा आयुष्यभर बेडपॅन धुतलेल्या बाईकडून चौतीसशे काढतोय. ती तशीच उठून सुंदराबाईंच्या दारापर्यंत गेली. कडीला हात लावला आणि तिथेच थांबली.

तिला बुधवार आठवला. बुधवारी तिची एक पुडी परत आली होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा. ऑफिसातला मुख्य निवडणारा चंद्रप्रकाश, तिच्याहून वीस वर्षांनी लहान, पुडी तिच्यापुढे ठेवून हळूच म्हणाला होता की, सुलक्षणाबेन, यातले अकरा खडे पांढरे आहेत, तुम्ही पिवळ्यात टाकलेत. तिने ते ट्यूबलाइटवर ढकललं होतं. त्याआधी महिनाभर तिने निवडायच्या कागदावरून शिपायाशी भांडण काढलं होतं. असा जुनाट, पिवळट कागद आणतोस कशाला म्हणून. त्याने नवा रीम तिच्यासमोर फोडला, तोही तिला जुनाटच वाटला होता.

सुंदराबाईंनी दार उघडून विचारलं, कसा आहे? सुलक्षणाच्या तोंडून भलतंच निघालं. म्हणाली, हिरा लाभतो की नाही ते कळायला तीन दिवस घरात ठेवावा लागतो, आमच्या वेंगुर्ल्याकडे तशी रीत आहे. सुंदराबाई हसल्या. आम्ही असलं काही मानत नाही, पण तू मानतेस तर तुझ्याच घरात राहू दे, म्हणाल्या.

झालं. पुडी तिच्या गळ्यात पडली. खडा पिवळा म्हणावं आणि पिवळा आपला डोळाच असला, तर म्हातारीची एवढ्या वर्षांची हौस फुकट जायची आणि सराफ नाहक बदनाम व्हायचा. पांढरा म्हणावं आणि तो खरंच पिवळा निघाला, तर शेजारणीला आपणच बुडवलं. आणि दुसऱ्या कुणाला दाखवावा, तर विचारणार नाहीत का, बाई, तुम्हाला दिसत नाही का? ऑफिसात ही गोष्ट कळली की तिथे उभं कोण करणार? डोळा सोडून तिच्याकडे विकायला काय होतं? या विचाराने तिला खरोखर भीती वाटली.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. टेबलाखाली डावा पाय हलला नाही आणि मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. नमुन्याची डबी चार हातांवर होती. उठून ती घ्यावी असं तिला तीनदा वाटलं आणि तीनदा ती पाणी प्यायला गेली. घरी येऊन तिने सुंदराबाईंचा खडा दाराशी पाहिला, गॅलरीत पाहिला, मोरीजवळच्या पत्र्याच्या फटीतल्या उजेडात पाहिला. भात करपला. डाव्या डोळ्याने बघितलं तर खडा किंचित बरा दिसला, उजव्याने जास्तच पिवळा. हे तिला मुळीच आवडलं नाही.

रविवारी सकाळी देवाला हळद वाहताना तिला स्वतःचा खडा आठवला. कामाला लागल्यावर तिसऱ्या दिवाळीला शेटने सगळ्यांसमोर एक पाकीट उघडून, यातला हवा तो एक घे, म्हटलं होतं. तिने अर्धा दिवस लावून सगळ्यात पांढरा निवडला होता. तीन जुन्या जाणत्यांनी बघून माना डोलावल्या होत्या. अंगठी घडवायची ती राहूनच गेली. नवरा आजारी पडला, मग गेला, आणि खडा ट्रंकेच्या तळाशी पुडीतच राहिला. त्याच्या पांढरेपणाबद्दल दुमत नव्हतं, तेव्हाही आणि आजही.

तिने ट्रंक उपसली. साड्या, रेशनकार्ड, नवऱ्याचं घड्याळ, सगळं जमिनीवर. पुडी अगदी तळाशी सापडली. खिडकीशी जाऊन तिने कागदाची नवी घडी घातली आणि दोन्ही खडे शेजारी शेजारी उलटे ठेवले.

दोन्ही पिवळे दिसत होते. अगदी एकसारखे पिवळे.

ती बघतच राहिली. जागा बदलल्या, डावा उजवीकडे केला, पुन्हा पाहिलं. फरक नव्हता. म्हणजे सुंदराबाईंचा खडा तिच्या खड्याइतकाच पांढरा होता. सराफ खरं बोलला होता आणि भावही वाजवी लावला होता. आणि तिचे डोळे गेले होते. एकाच घडीत दोन्ही उत्तरं मिळाली, आणि पहिल्याचा आनंद मानावा तर दुसरं समोर उभं. ती खाली बसली, साड्यांच्या ढिगाजवळ, आणि बराच वेळ उठली नाही. काजूपाड्यात ते पाहायला कुणी नव्हतं, इतकंच.

सोमवारी सकाळी तिने सुंदराबाईंना घरी बोलावलं, दोन्ही खडे दाखवले आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं, तीन दिवसांच्या रीतीच्या बहाण्यासकट. शेवटी म्हणाली, “खडा पांढरा आहे. चौतीसशे द्या, घासाघीस करू नका. माजी नजर गेली गो, सुंदराबाई.”

सुंदराबाई खड्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी सुलक्षणाची हनुवटी धरली, तोंड त्याच उत्तरेच्या खिडकीकडे फिरवलं आणि अंगठ्याने खालची पापणी ओढली. आधी डावा डोळा, मग उजवा. तीस वर्षांत हजारो डोळे असे पाहिलेले. घाई नाही, गडबड नाही. सुलक्षणा आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या हातात हू की चू न करता राहिली.

“दोन्हीकडे मोतीबिंदू धरलाय, म्हणून पांढरं पिवळं दिसतंय,” सुंदराबाई म्हणाल्या. “उजवा जास्त. मला महिनाभर वाटतंय, पण तू एका जागी थांबशील तर बघणार ना.”

सुलक्षणाने विचारलं, काढल्यावर पूर्वीसारखं दिसेल का? रंग कळेल का? नोकरी राहील का? एकामागून एक विचारत सुटली. सुंदराबाईंनी पापणी सोडली.

“ते मला नाही सांगता यायचं,” त्या म्हणाल्या. “मला डोळा कळतो, पुढचं नाही. गुरुवारी आमच्या वॉर्डात नवे पेशंट बघतात, मी बरोबर येते.”

मग पदराच्या गाठीतून पैसे काढून, मोजून ते पुन्हा गाठीत बांधून, त्या सराफाकडे जायला निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, तू पांढरा म्हणालीस, तेवढं मला पुरे.

दहा वाजता सुलक्षणा ऑफिसात पोचली. खुर्चीवर न बसता ती थेट चंद्रप्रकाशच्या टेबलाशी गेली. मुलींचे चिमटे थांबले. बुधवारच्या पुडीतले अकरा खडे पांढरेच होते, असं तिने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. गुरुवारी रजा हवी, डोळे दाखवायचेत. आणि तोपर्यंत नमुन्याची डबी हवी.

शेटला सांगावं लागेल, एवढं चंद्रप्रकाशच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते तिलाही दिसलं. त्याने डबी पुढे सरकवली. सुलक्षणा ती घेऊन आपल्या जागी आली, झाकण उघडलं आणि तेरा वर्षांनी पहिला नमुन्याचा खडा चिमट्याने उचलून कागदाच्या घडीत ठेवला. त्याच्या शेजारी दिवसाच्या पुडीतला पहिला खडा ठेवून ती वाकून दोघांकडे बघू लागली. टेबलाखाली तिचा डावा पाय पुन्हा हलू लागला होता.