मावळतीकरांची टेकडी

मावळतीकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते छापखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं नाव, आणि इतकं घट्ट बसलं की मालकसुद्धा त्याच नावानं हाक मारायचे. छापखान्यात भिंतीवरची कॅलेंडरं निघत, आणि त्यासाठी आलेले डोंगर-तळ्यांचे फोटो संगणकावर साफसूफ करून द्यायचं काम यांचं. फोटो सकाळचा असो की भर दुपारचा, यांच्या हाताखालून गेला की तिथे सूर्य मावळायचाच. आभाळ केशरी, गवत सोनेरी, सावल्या गडद. एका वर्षी जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत नुसत्या संध्याकाळीच छापून निघाल्या, तेव्हा मालकांनी हात जोडले, "अहो, वर्षात एकदा तरी उजाडू द्या की!" मावळतीकर ढिम्म. म्हणाले, "सकाळी ज्याला त्याला घाई. भिंतीकडे बघायला सवड मिळते ती संध्याकाळीच."

त्यांचा दुसरा हट्ट असा, की निसर्गाच्या फोटोत माणूस ठेवायचा नाही. छत्री घेऊन चाललेली बाई असो, सायकलवाला असो, पुसून टाक. "माणूस दिसला रे दिसला की बघणाऱ्याची नजर त्याच्यावर. टेकडी बिचारी फुकट जाते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी आजवर इतकी माणसं पुसली होती, की त्यांचं एक गाव वसलं असतं.

बरं, हा हात घरी तरी स्वस्थ बसावा? नाव नको. मुलगी तीन वर्षांपासून दूरदेशी होती. पुलांची तपासणी करायची, भेगा शोधायच्या, अशी तिची नोकरी. घरातून तिला जाणारा प्रत्येक फोटो आधी बाबांच्या संगणकातून न्हाऊनधुऊन निघायचा. बायको कुरकुरायची, "डोळ्यांखालची वर्तुळं घालवलीत ते बरं केलंत, पण त्यांच्याबरोबर माझ्या भुवयाही गेल्या!" व्हिडिओ कॉल आला की बायको समोर बसायची आणि मावळतीकर फोन धरून मागे उभे. "मी कॅमेऱ्यामागचा माणूस," असं म्हणत तिथूनच गप्पा हाणायचे.

त्या आठवड्यात मुलीनं सांगितलं, की तिला तिथेच कायम करतायत. राहायचं की परत यायचं, ते रविवारपर्यंत कळवायचं होतं. आणि बोलता बोलता म्हणाली, "बाबा, आपल्या गच्चीवरून टेकडी दिसते ना, तिचा एक फोटो पाठवा मला."

झालं! मावळतीकरांनी मनाशी पक्कं केलं, की पोरीचा सगळा निर्णय या फोटोवर अडलाय. तिनं परत यावं असं त्यांना किती वाटत होतं, ते कुणाला बोलून दाखवायचे नाहीत. पण तिची खोली दर आठवड्याला स्वतः झाडायचे, आणि बायको बघतेय असं दिसलं की झाडू लपवायचे.

टेकडी तशी यथातथाच. एका अंगानं मुरुमासाठी खणलेली, डोक्यावर मोबाइलचा टॉवर, पायथ्याला पत्र्याची गोदामं. मावळतीकरांनी ढगाळ दुपारी फोटो घेतला आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच कामाला लागले. टॉवर गेला, गोदामं गेली, खणलेल्या जागी गवत उगवलं. रंगाचा काटा निळ्याकडून पिवळ्याकडे थोडा सरकवला, तर टेकडी उबदार झाली. आणखी थोडा सरकवला, तर हाकाच मारायला लागली. मग चारी कडा जराशा अंधाऱ्या केल्या, म्हणजे नजर मधल्या पायवाटेवर जाऊन बसते. आणि पायवाट तर सरळ घराकडेच येत होती.

शेजारच्या टेबलावर मजकूर तपासणारे गृहस्थ डोकावले. "काय हो मावळतीकर, ही टेकडी आहे की सापळा?"

मावळतीकर हसले, पण शब्द बरोबर जिथे लागायचा तिथे लागला. संध्याकाळी पोरीचा फोन आला, तेव्हा तो फोटो त्यांनी पाठवलाच नाही. ती आपली सांगत सुटली होती, "केसाएवढी भेग, बाबा! सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली. मला सापडली! अख्खा पूल बंद ठेवला त्यांनी माझ्या शब्दावर!" तिचा असा आवाज त्यांनी ती शाळेत होती तेव्हा ऐकला होता. ऐकून त्यांना आनंद झाला, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. पोरगी तिकडे इतकी रमलीये, आणि आपण तिला पिवळा रंग दाखवून माघारी ओढतोय!

माणूस सरळ असता तर त्यानं मूळचा फोटो पाठवला असता. पण हे पडले मावळतीकर. शनिवारी बसून त्यांनी त्याच टेकडीचा उलटा अवतार केला. पिवळा सगळा उपसला, निळा ओतला. टॉवर परत आणला, गोदामं परत आणली, खणलेली जागा चांगली उठून दिसेल अशी केली. आभाळ वरून अर्धं कापलं, तशी टेकडी छातीवर येऊन बसली. असं काही बघितलं, की कुणालाही घराची ओढ वाटू नये. रविवारी दुपारी गच्चीवर वाळलेले कपडे काढता काढता त्यांनी मन घट्ट केलं आणि तो पाठवून दिला.

बायको फोन हातात घेऊनच जिना चढून वर आली. फोनमधून मुलीचा घाबरा आवाज येत होता, "आई, खरं सांग, घरी काय झालंय?"

"अगं, काय व्हायचंय? सगळं जागच्या जागी आहे."

"मग टेकडीनं असं तोंड का पाडलंय?"

बायकोनं फोटो पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

"म्हटलं, जीव अडकायला नको तिचा इथे," मावळतीकर कपड्यांच्या ढिगाआडून पुटपुटले. "तिला तिकडे आवडलंय."

"धन्य आहे तुमची! पोरीचं आयुष्य आहे ते, कॅलेंडरचं पान नाही!" बायको कडाडली खरी, पण आवाज मध्येच ओला झाला.

"आई, बाबांकडे देऊच नकोस," मुलगी म्हणाली. "तू काढ. येईल तसा."

बायकोनं फोन उचलला, तिरका धरला, कोपऱ्यात अंगठा आला, आणि बटण दाबलं. मावळतीकर कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून "अगं थांब, दे इकडे, जरासा सरळ" इतकं म्हणेपर्यंत फोटो गेलासुद्धा.

पलीकडे मुलीनं फोटो उघडला.

"बाबा?"

"हं."

"तुमचे केस कधी पांढरे झाले?"

तीन वर्षं घरातून गेलेल्या प्रत्येक फोटोत मावळतीकरांनी बायकोची वर्तुळं पुसली, तसे स्वतःचे केस काळे केले होते, गाल वर उचलले होते. पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून. आत्ता त्यांचा हात उगाचच डोक्याकडे गेला.

"ढगाळ उजेड आहे गं. त्यात सगळंच पांढरं दिसतं."

"दोरीवरची तुमची काळी पँट काळीच दिसतेय."

मावळतीकरांनी ती पँट ओढून गठ्ठ्यात कोंबली. मुलगी म्हणाली, "होकार मी आज सकाळीच कळवला, बाबा. फोटो नव्या खोलीच्या भिंतीसाठी हवा होता."

म्हणजे सापळाही वाया आणि उलटा सापळाही वाया. मावळतीकरांना हसू फुटलं. "बरं केलंस," ते म्हणाले. ते त्यांना मनापासून वाटत होतं, आणि आत कुठेतरी खड्डाही पडला होता.

"पण कायमची रुजू व्हायच्या आधी येऊन जाणार आहे मी. तुम्ही आणखी काय काय पुसून ठेवलंय, ते तपासायचंय मला."

"ये, ये." मावळतीकरांनी आवाज सावरला आणि धंद्याच्या गोष्टीकडे वळले. "आणि हे बघ, भिंतीवर हाच लावणार असशील तर मला त्यातून कापून टाक. डावीकडून थोडं आत घे. टेकडी मोकळी दिसेल."

"कापलाय मी, बाबा. बघा."

बायकोच्या हातातला फोन किणकिणला. मावळतीकरांनी गठ्ठा खाली ठेवला, तो घेतला आणि चष्मा वर सरकवला. फोटोत कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरलेला, तोंड उघडं टाकलेला, पांढऱ्या डोक्याचा एक माणूस होता, आणि बाकी काहीच नव्हतं.

"अगं, आणि टेकडी?"

"टेकडीच कापली."

मावळतीकरांनी फोटो मोठा करून पाहिला. मग सवयीनं त्यांचं बोट रंगाच्या काट्याकडे निघालं, तेवढ्यात बायकोनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.