सगुणभाऊंचा अभिप्राय

सगुणभाऊ टीव्हीसमोर बसले की त्यांचे ओठ आधी हलायचे आणि टीव्हीतला माणूस नंतर बोलायचा. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी दचकलेच. एका मालिकेतला बाप दारात उभा, तोंड अजून उघडलेलं नाही, आणि इकडे माझ्या वेताच्या खुर्चीतून बारीक आवाज आला, "या घराची पायरी पुन्हा चढू नकोस." लगोलग टीव्हीतला बाप गरजला, "या घराची पायरी पुन्हा चढू नकोस!"

मी विचारलं, "भाऊ, ही सीरियल तुमी आदीं पळयल्या?"

"ना गे वयनी. पूण असल्या बापायक आनीक कितें येतलें?"

गोव्यातल्या आमच्या लाटंबार्से गावात जत्रेच्या नाटकांना चाळीस वर्षं ते प्रॉम्प्टर होते. पोटासाठी खाणीवर टाइमकीपरची नोकरी, पण खरं काम हे. विंगेत एका खोक्यावर बसायचं, मांडीवर वही, हातात टॉर्च. गावातल्या निम्म्या पुरुषांनी रंगमंचावर राजे, वकील, दरोडेखोर होऊन टाळ्या घेतल्या. सगुणभाऊंना कुणी कधी बघितलं नाही आणि त्यांचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा कधी पोचला नाही. पोचला असता तर ते प्रॉम्प्टर वाईट ठरले असते.

माझी त्यांची पहिली गाठ तिथलीच. मी लग्न होऊन या गावात आले, इथल्या शाळेत शिक्षिका झाले आणि नाटकात काम करणारी गावातली पहिली घरची बाई ठरले. त्याआधी नायिका बाहेरून आणत. तेवीस वर्षांची ती बया आज समोर आली तर मी तिला उठाबशा काढायला लावीन. तिला वाटायचं, मराठी रंगभूमीचं भाग्य उघडायचं राहिलं होतं ते आपल्यामुळे उघडलं. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, तालमी चालायच्या. तिथे ती इतरांच्या चुका काढायची आणि स्वतःची वाक्यं मात्र घरी जाऊन पाठ करू म्हणून सोडून द्यायची.

तिसऱ्या अंकात नवऱ्याचं पत्र हातात घेऊन मी उभी राहिले आणि डोक्यातून सगळं पुसलं गेलं. समोर अख्खा गाव. पहिल्या रांगेत सासूबाई. तेवढ्यात विंगेतून अगदी हळू, जणू माझ्याच मनात उमटावं तसं ऐकू आलं, "हे पत्र मी फाडणार नाही." मी ते वाक्य इतक्या आवेशाने उचललं की म्हणता म्हणता पत्र फाडूनच टाकलं. लोकांना तो अभिनय वाटला. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी बायकांना ऐकवलं, "मला नाही बाई प्रॉम्प्टर लागत." नेमके मागून सगुणभाऊ चालले होते. ते थांबले, हसले आणि म्हणाले, "खरें. वयनीचें पाठांतर एकदम बरें." कळशी उचलून मी घराकडे निघाले तेव्हा वाटेत, कुणी जवळ नाही असं बघून, त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. "फकत थोडें म्हज्या तोंडांत उरिल्लें." गावात हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. आज सांगते आहे.

पुढे खाणी बंद पडल्या. त्यांचा मुलगा नितीन इंग्लंडला गेला, एका मोठ्या गोदामात कामाला लागला, तिथेच संसार थाटला. सगुणभाऊंची बायको गेली. माझे हे गेले. माझा मुलगा पर्वरीला फ्लॅटमध्ये. जत्रेचं नाटक होतं अजून, पण नट कानात यंत्र घालतात, खोक्यावर बसायला माणूस लागत नाही. एका पावसाळ्यात वीज पडून भाऊंचा टीव्ही गेला तो गेलाच. मग रविवारी दुपारी ते माझ्याकडे येऊ लागले. येताना पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेऊन ठेवलेले दोन उंडे आणायचे. उंडे सकाळचे, दुपारपर्यंत चामड्यासारखे झालेले. आम्ही ते चहात बुडवून खायचो. दोन म्हातारी माणसं दुपारभर एका खोलीत बसतात म्हणून नावं ठेवायलाही आळीत पुरेशी माणसं उरली नव्हती. मला जरा वाईटच वाटायचं.

नितीनचा फोन रविवारी यायचा. आधी दर रविवारी, मग एकाआड एक, मग कधीतरी. भाऊ स्वतः फोन करत नसत. मी कितीदा म्हटलं, "तुमी करात मरे!" तर म्हणायचे, "प्रॉम्प्टरान आपणाक जाय म्हण उलोवचें न्हय. तो कामार आसतलो." आपल्याला हवं म्हणून प्रॉम्प्टरने बोलायचं नसतं, समोरच्याला गरज पडली तर बोलायचं. हा नियम त्यांनी नाटकासाठी केला होता. तो त्यांनी घरातही लावला, आणि मला तो पटत नव्हता.

तो चित्रपट लागला त्या रविवारी नितीनचा फोन येऊन पाच आठवडे झाले होते.

चॅनलने आठवडाभर जाहिरात केली होती, सगळ्या कुटुंबाने मिळून बघण्याचा विज्ञानपट, मराठीत. माझ्या घरी कुटुंब म्हणजे मी, भाऊ आणि हळदीची पानं मागायला येऊन दारातच अडकलेली समोरची पार्वती. गोष्ट साधी होती. एका मुलाचा बाप दूरच्या ग्रहावरच्या तळावर नोकरीला असतो. तिथून त्याचा आवाज घरी पोचायला वीस मिनिटं लागतात. मुलगा विचारतो, "बाबा, जेवलात?" वीस मिनिटांनी प्रश्न तिकडे पोचतो, आणखी वीस मिनिटांनी उत्तर येतं, तोवर मुलगा खेळायला गेलेला असतो. मग आई घरात एक पेटी आणते. त्या पेटीने बापाचं सगळं बोलणं शिकून घेतलेलं असतं. विचारलं की पेटी बापाच्या आवाजात लगेच बोलते. घरात आनंदीआनंद. हळूहळू बापाचे खरे निरोप ऐकायचेच राहून जायला लागतात. शेवटी मुलाला ते कळतं, तो पेटी बंद करतो आणि बापाच्या उत्तराची वाट बघत बसतो. तिथे व्हायोलिन, बासरी, सगळं एकदम सुरू होतं आणि चित्रपट संपतो.

"तो बापूय थंय जेवता कितें? नुस्तें मेळटा?" पार्वतीने विचारलं. मासे मिळत नसतील तर एवढ्या लांब गेलाच कशाला, हा तिचा अभिप्राय. मी म्हटलं, रॉकेट प्लास्टिकचं दिसतं. आणि माझ्या लक्षात आलं, अख्ख्या चित्रपटात भाऊंचे ओठ एकदाही हलले नव्हते.

पार्वती गेल्यावर ते म्हणाले, "ती पेट म्हळ्यार वायट प्रॉम्प्टर. मनशाक रावूंकच दिना."

"म्हणजे?"

"विसरलो तो आनी रावलो तो, दोगांचींय तोंडां बंदच आसतात. कळचें कशें? श्वास पळोवचो. विसरिल्लो मनीस श्वास धरता. रावला तो घेता. तो घेता तेन्ना आपणें ओगी बसचें." विसरलेला श्वास धरतो, थांबलेला घेतो, आणि थांबलेल्याला शब्द पुरवणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं, असं ते मला चाळीस वर्षांचे दाखले देऊन समजावत राहिले. मग एकदम म्हणाले, "आमचो नितीन विसरूंक ना गे. रावला."

मी चहा गरम करायला उठले.

पडद्यावर पट्टी फिरत होती. प्रेक्षकांनी आपले अभिप्राय पाठवावेत, पुढच्या रविवारी चित्रपट पुन्हा दाखवू तेव्हा निवडक अभिप्राय नावासकट वाचले जातील. भाऊंनी ती पट्टी तीनदा वाचली. नितीन इंग्लंडमध्ये मोबाइलवर हेच चॅनल बघतो, मुलीच्या कानावर मराठी पडावं म्हणून, हे त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं.

"वयनी, तुका मोबाइलार बरोवंक येता न्हय? म्हजो धाडशी?"

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस काहीतरी स्वतःच्या नावाने बोलायला निघाला होता. त्यांच्या मनात काय होतं ते मला स्वच्छ कळलं. फोन करायचा नाही, पण मुलाच्या कानावर आपले शब्द पडायला हवेत.

त्यांनी सांगितलं ते असं. "पिच्चर बरें. भुरग्यान काम बरें केलां. फकत शेवटाक तो वाट पळयत बसता, थंय म्युझिक घालूंक नाका आशिल्ली. वाट पळयता ताच्या घरांत कांय वाजना." वाट बघणाऱ्याच्या घरात काही वाजत नाही. एवढंच. मी म्हटलं, "आणि?" ते म्हणाले, "जालें."

ते घरी गेल्यावर मी चष्मा पुसून बसले. आणि तेवीस वर्षांची ती बया सत्तरीची होऊन माझ्या बोटांत शिरली. मला वाटलं, एवढ्या चार ओळी कोण वाचणार? त्यात तक्रार! चॅनलवाले स्वतःची निंदा स्वतः थोडीच वाचतील? अभिप्राय वाचला गेला नाही तर नितीनच्या कानावर जाणार कसा? असं स्वतःला पटवून मी सगळं शुद्ध मराठीत आणलं. "मानवी नातेसंबंधांचे तरल चित्रण" घातलं. "अंतर्मुख करणारा अनुभव" घातला. संगीताची तक्रार काढली ती काढलीच, वर लिहिलं, "अखेरच्या प्रसंगातील पार्श्वसंगीत काळजाला हात घालते." खाली सगुणभाऊंचं नाव आणि गाव. पाठवताना मला माझा इतका अभिमान वाटला की उरलेला अर्धा उंडाही मीच खाल्ला.

पुढच्या रविवारी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिसराच अभिप्राय त्यांचा निघाला. निवेदिका हसून म्हणाली, "गोव्यातल्या लाटंबार्सेहून सगुणजी लिहितात," आणि मग माझं सगळं तरल, सगळं अंतर्मुख तिने घडाघडा वाचलं. शेवटी पार्श्वसंगीत, काळजाला हात.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे.

"बरें वाचलें तिणें," ते म्हणाले. चहा घेतला, चित्रपट पुन्हा पूर्ण बघितला, शेवटचं व्हायोलिन वाजलं तेव्हा मान खाली घालून बसले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून म्हणाले, "नितीनचो फोन आयिल्लो."

"कितें म्हणालो?"

"आयकलें म्हणालो."

मला काय आनंद झाला! बघा, पाच आठवडे न आलेला फोन माझ्या मराठीने आणला. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "खरें वयनी. तुज्या मराठीक मानूंक जाय." रविवार पूर्वीसारखे चालू राहिले. नितीनचे फोन पुन्हा विरळ झाले. त्या अभिप्रायाचा विषय त्यांनी नंतर काढला नाही, आणि मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, आमचे भाऊ टीव्हीवर आले होते.

वर्षभराने, काजूच्या दिवसांत, एका सकाळी पोदेराने त्यांच्या दारात दोनदा भोंपू वाजवला आणि तिसऱ्यांदा माझ्या दारात येऊन हाक मारली. भाऊ सोप्यावर बसलेले होते. पाव घ्यायला टोपली घेऊन पुढे व्हायचं तेवढं राहिलं होतं.

नितीन आला. कार्य केलं. बाराव्या दिवसानंतर जायला निघाला तेव्हा घराची चावी द्यायला माझ्याकडे आला, माझ्या वेताच्या खुर्चीत बसला. बापासारखाच बसतो, टेकून नाही.

"काकी, बाबांक ती म्युझिक इतली आवडिल्ली?"

"खंयची म्युझिक?"

"त्या पिच्चराची. टीव्हीर वाचलें न्हय? हांवें त्याच सांजे फोन केलो. म्हळें, बाबा, ती म्युझिक म्हाकाय आवडली. ते मात्शे ओगी रावले. मागीर म्हणाले, हय, बरी आसा."

मी पदराने उगाच टेबल पुसलं.

त्याने मोबाइल काढून मला दाखवला. "हांवें ती सोदून काडली. बाबांच्या नंबराक रिंगटोन म्हण लायली. त्यांचो फोन आयलो जाल्यार ही वाजची म्हण." बाबा स्वतः फोन करतील, निदान एकदा, असं त्याला वर्षभर वाटत होतं. आपल्यासाठी नाही तर नातीशी बोलावंसं वाटलं म्हणून तरी. "एकदांय वाजली ना, काकी."

बाहेर त्याला विमानतळावर नेणारी टॅक्सी उभी होती. सत्तर वर्षं तोंडाचा पट्टा चालवलेल्या बाईला तेव्हा एक वाक्य जुळेना. आणि या वेळी पुरवायला कुणी नव्हतं.

शेवटी मी सांगितलं. तो अभिप्राय माझा होता, बाबांचा नव्हता. संगीत त्यांना आवडलं नव्हतं. मला उघडं पाडायला नको म्हणून ते तुला हय म्हणाले असतील. मला वाटलं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मागीर ते म्हणिल्ले कितें?"

मी त्यांचं सांगितलं. माझ्या मराठीत नाही, त्यांच्याच बोलीत, पिच्चर बरें इथपासून.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. नितीन उठला नाही. मोबाइल त्याने खिशात ठेवला आणि म्हणाला, "काकी, परत एकदां सांग."

मी परत सांगितलं. एकही शब्द न बदलता.