मुंग्या खाणारा सरडा

नवरा गेल्यावर त्यानं पाळलेला शिंगवाला सरडा माझ्याकडे राहिला. तो जवळजवळ फक्त मुंग्याच खायचा आणि त्या अ‍ॅरिझोनाहून पार्सलनं यायच्या. आमच्या ईडन प्रेरी गावच्या कडाक्याच्या थंडीत पार्सल दाराशीच गोठलं, मुंग्या मेल्या. दुसऱ्या पार्सलचंही तेच झालं. मी चिमट्यात बारीक रातकिडे धरून त्याच्यापुढे नेले, पण त्यानं तोंड उघडलं नाही. दिव्याखालची वाळू गरम होती, तरी त्याचं पोट खपाटीला गेलं.

"आता जबरदस्तीनं भरवलंत तर त्याला त्रासच होईल," प्राण्यांची डॉक्टर म्हणाली.

मुलगी हळूच म्हणाली, "आई, लेट हिम गो."

तिच्या वडिलांच्या वेळीही ती हॉस्पिटलमध्ये हेच म्हणाली होती. तेव्हा मी तिच्यावर चिडले होते. या वेळी नुसती होकारार्थी मान हलवली. इंजेक्शननंतर तो माझ्या हातातच गेला.