पाचवं घर

आमच्या गावात मोहरमला सवारी बसते. चौसाळ्याच्या अंगाचं गाव. मुसलमानांची घरं थोडीच, पण काठीवरच्या पितळी पंजाला रेशमी कापड बांधून सवारी उठली की खांदा देणाऱ्यांत निम्मे लोक आमचेच. पुरुष अलाव्याच्या खड्ड्यात लाकडं पेटवत, बायका गुळाचे चोंगे तळत, उदाचा वास गावभर फिरे. हा देव कुणाचा, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

माझ्या बायकोची तीन पोरं हातची गेली. चौथ्या खेपेला तिनं सवारीपुढं नवस बोलला. पोर जगलं तर पाच मोहरम त्याला फकीर करीन. म्हणजे गळ्यात हिरवा नाडा, खांद्याला झोळी, आणि आईनं पोराला घेऊन पाच घरी मागायचं. शेवटच्या वर्षी पाचव्या घरची मूठ झोळीत पडली की सवारीची सेवा करणारा मुजावर तिच्यापुढं नाडा तोडतो आणि नवस फिटतो. मुलगी जगली. चार वर्षं सगळं रीतसर झालं. पाचव्या वर्षी गावात दोन शहाणे आले.

एक मौलवी, हैदराबादेकडचे. दुसरे एक बुवा, कुठून आले ते त्यांनी सांगितलं नाही. साऱ्या जगाचे असल्यासारखे वागत. मी सरकारी शाळेत मास्तर, उर्दू शिकलेला. मौलवींची उर्दू गावाला कळेना, बुवांची मराठीही कळेना. दोघांचं बोलणं सोपं करून सांगायचं काम माझ्याकडे आलं. खरं लिहायचं तर मी ते आनंदानं उचललं.

मौलवी म्हणाले, अल्ला आणि माणूस यांच्यामध्ये कुणी उभं नसतं. पितळेचा हात मध्ये आणणं हा गुन्हा. बुवा म्हणाले, परमात्मा आपल्याच आत आहे. बाहेर काठीपुढं झुकणं हे अज्ञान, त्यातून ती काठी परक्यांची. एकाला देव वर दिसत होता, एकाला आत. आमच्या गल्लीत येऊन तो कुणालाच दिसला नाही.

लिंबाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विचारलं, "मास्तर, मागल्या साली सवारीला पाऊस मागितला तवा पडला. त्यो आता वापस करावा लागंल का? इचारा की त्यांला."

लोक हसले. मी हसलो नाही, आणि विचारलंही नाही. उलट त्यालाच दटावलं. आजही त्या दोघांपेक्षा मला माझाच जास्त राग येतो. ते परके होते. मला त्या म्हाताऱ्याचा प्रश्न कळला होता.

बुवांनी मारुतीच्या देवळात लोकांकडून वदवून घेतलं की यंदा फकिराच्या झोळीत कुणी काही घालायचं नाही. मौलवींनी आपल्या लोकांना तेच बजावलं. जन्मात एकमेकांशी बोलले नसतील, पण एका लेकराची झोळी रिकामी ठेवायला दोघांचं बरोबर जमलं.

मी बायकोला म्हणालो, "यंदा राहू दे. देव भावाचा भुकेला असतो."

ती चुलीपुढं होती. म्हणाली, "भाव तुमच्यापाशी असंल. मी शबूद दिलाय. पोरगी घेतली त्याच्याकडून, आन् आता त्यो न्हाईच म्हणू? कावून?"

तिच्यापुरता देव म्हणजे दिलेला शब्द होता. तो वर नव्हता, आतही नव्हता. देणं-घेणं असलेल्या शेजाऱ्यासारखा होता. मी मात्र तिला अडाणी समजलो.

मोहरमच्या दहाव्या दिवशी सकाळी ती मुलीला घेऊन निघाली. चार घरच्या बायकांनी घातलं, त्यातल्या दोघींनी मागच्या दारानं. पुढची दारं मात्र लागत गेली. शेवटी ती आमच्याच दारात येऊन उभी राहिली. ओसरीवर बुवा जेवत होते, मी वाढत होतो. मुलीनं झोळी पुढं धरली.

"आज मी तुमची बायकू न्हाई," ती म्हणाली. "फकीर दारात आलाय. मूठभर घाला."

ज्वारीची कणगी माझ्या हाताशी होती. मी बुवांकडं पाहिलं. त्यांनी मानही वर केली नाही. ते दुधात भाकरी कुस्करत राहिले. त्यांना माझं बघणं कळलंही नसेल. तिला कळलं. तिनं मुलीचा हात धरला आणि ती वळली.

पाचवी मूठ मुजावराच्या बायकोनं घातली. तिच्या ओसरीवर तेव्हा मौलवी जेवत होते, हे मला शेजारणीनं सांगितलं. मौलवी काहीतरी बोलू लागले, तशी म्हातारी म्हणाली, "साब, तुमी खाव. भाकर थंडी हो जाती." आणि पदरातून ज्वारी झोळीत ओतली. मुजावर खाली मान घालून उठला, सवारीपाशी गेला आणि त्यानं नाडा तोडला.

बुवा गेले, मौलवी गेले. गावानं सवारी सोडली नाही. माझ्या बायकोनं त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि मी तिची माफी मागितली नाही. मास्तरकी आड आली.

ती मुलगी तलवाड्याकडं दिली. तिचंही पहिलं पोर गेलं. दुसरं वाचलं, आणि यंदा त्याला फकीर करायला ती इथं आली आहे. काल मायलेकी चोंगे तळत घरं ठरवत होत्या. आमच्या घराचं नाव निघेना.

मी म्हणालो, "एक घर आपलंही धरा."

बायको कढईतला चोंगा उलटत म्हणाली, "बघू. दार उघडं आसलं तर येऊ."

आज ऊन वर येण्याआधीच मी सूपभर ज्वारी घेऊन उंबऱ्यात बसलो आहे. दोघी निघाल्या तेव्हा माझ्या अंगावरूनच गेल्या. नातवाच्या गळ्यातला हिरवा नाडा गल्लीच्या टोकाला अजून दिसतो आहे. तीन घरं झाली. चौथ्या दारात त्या उभ्या आहेत, आणि त्याच्या पलीकडं मुजावराचं घर आहे.